लिहिणारा एक, वाचणारे हजार

छोट्या प्रकल्पाला डेटा लागतो, पण किती? वाचनालयाच्या सुट्ट्यांची यादी, ट्रेकिंग ग्रुपचं वर्षभराचं वेळापत्रक, घरच्या घरी बनवलेल्या ॲपची सेटिंग्ज, किंवा एखाद्या प्रोग्रॅमच्या चाचण्यांची शेवटची टक्केवारी, म्हणजे नुसता एक आकडा. चाळीस ओळी, फार तर चारशे. तेवढ्यासाठी डेटाबेस उभा करायचा, त्याचा पासवर्ड सांभाळायचा, महिन्याच्या महिन्याला बिल भरायचं, नाहीतर फुकटच्या योजनेत तो झोपी गेला की जाऊन उठवायचं, हे कुणालाच नको असतं. म्हणून प्रोग्रॅमर मंडळी बऱ्याच वर्षांपासून एक आडवाट वापरत आली आहेत. कोडचे तुकडे ठेवायला केलेल्या जागेत डेटाची फाइल ठेवून द्यायची आणि आपल्या पानाने ती तिथून वाचायची.

या आडवाटेबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. एक म्हणतं, हा जुगाड आहे, शहाण्याने नादी लागू नये. दुसरं म्हणतं, फुकट आहे, चालतंय, उगाच डोकं कशाला लावायचं. दोन्ही बाजू भांडतात ते आकारावरून: किती केबी, किती वाचक, किती वेग. मला वाटतं आकाराची अडचण इथे फार उशिरा येते, कित्येकांना तर येतच नाही. आधी अडतं ते लिहिणाऱ्यांपाशी. फाइलमध्ये कोण लिहिणार, कितीजण लिहिणार आणि लिहिण्याची परवानगी कुठे ठेवणार, एवढं ठरलं की पुढचे बरेच वाद आपोआप मिटतात.

या जागांमधली सगळ्यात परिचित म्हणजे कोड ठेवण्याच्या गिटहब या साइटची गिस्ट. गिटहब सुरू झालं त्याच वर्षी, 2008 मध्ये, ती आली. वरवर पाहता तिच्यात आणि 2002 पासून चालत आलेल्या पेस्टबिनमध्ये फरक दिसत नाही: मजकूर चिकटवा, लिंक घ्या, मित्राला पाठवा. पण गिस्टच्या पोटात प्रत्येक तुकडा म्हणजे एक अख्खा गिट रेपो, म्हणजे आवृत्त्या सांभाळणारं फाइलींचं भांडार, असतो. तो क्लोन करता येतो, दुसऱ्याला त्याचा फोर्क घेता येतो आणि प्रत्येक बदलाची आवृत्ती मागे राहते. फोल्डर तेवढे ठेवता येत नाहीत, फाइली सगळ्या एकाच पातळीवर. डेटासाठी म्हणून ती कुणी बांधली नव्हती, पण जेसन किंवा सीएसव्ही हाही शेवटी मजकूरच.

वाचायचे रस्ते दोन. पहिला रॉ लिंकचा, म्हणजे फाइलचा निव्वळ मजकूर देणारा पत्ता. त्या पत्त्यात कमिटचा क्रमांक असेल तर ती आवृत्ती कायमची गोठलेली मिळते, नसेल तर ताजी. मात्र ताजी म्हणजे काही मिनिटांपूर्वीचीही असू शकते, कारण मध्ये कॅश बसलेला असतो. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. गिस्टमध्ये ‘सोमवार’चा ‘मंगळवार’ केलेला डोळ्यांना दिसतोय, आपल्या पानावर मात्र सोमवारच, मग तो आपल्या निर्दोष कोडमध्ये चूक शोधत बसतो. या रस्त्याचा मोठा गुण असा की रॉ लिंकचा सर्व्हर कुठल्याही वेबसाइटवरच्या ब्राउझरला फाइल वाचू देतो, त्यामुळे सर्व्हर नसलेल्या साध्या एचटीएमएल पानालाही ती थेट उचलता येते.

दुसरा रस्ता एपीआयचा, म्हणजे प्रोग्रॅमने माहिती मागायच्या दाराचा. तिथे मजकुराबरोबर बाकीची माहितीही मिळते, पण टोकनशिवाय, म्हणजे आपल्या खात्याची ओळख न देता, विचारलंत तर एका आयपी पत्त्याला तासाला 60 विनंत्यांचीच मुभा असते. साठ हा आकडा एका माणसाला पुष्कळ वाटतो. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा कार्यालयात सगळे एकाच आयपीमागे बसलेले असतात, तिथे तो चहा होईपर्यंत संपतो. टोकन दिलं की मर्यादा तासाला 5000 होते. फाइल 1 एमबीपेक्षा मोठी असेल तर एपीआय ती अर्धवट देतो, 10 एमबीपर्यंत रॉ लिंकवरून घ्यावी लागते आणि त्याहून मोठी असेल तर क्लोन करण्यावाचून इलाज नाही. थोडक्यात, लोकांनी वाचायचं असेल तर रॉ लिंक आणि आपल्या स्वतःच्या स्क्रिप्टने वाचायचं असेल तर एपीआय.

हे सगळं कुठे अगदी चपखल बसतं ते पाहायचं असेल तर गिटहबवरच्या एखाद्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावरची छोटी रंगीत पट्टी बघा. डावीकडे ‘कव्हरेज’, उजवीकडे हिरव्यावर 87%. तो आकडा येतो कुठून? कुणी कोड पाठवला की ॲक्शन्स या गिटहबच्या स्वयंचलित यंत्रणेवर चाचण्या चालतात आणि शेवटी टक्केवारी निघते. ॲक्शन ती टक्केवारी एका गिस्टमधल्या जेसन फाइलमध्ये लिहिते. फाइलमध्ये चारच नोंदी: स्कीमाची आवृत्ती 1, लेबल, संदेश, रंग. शील्ड्स डॉट आयओ ही सेवा रॉ लिंकवरून फाइल वाचते आणि पट्टीचं चित्र काढून देते. डेटाबेस नाही, सर्व्हर नाही, बिल नाही. लिहिणारं एकच यंत्र, त्याचं टोकन ॲक्शन्सच्या बंद कप्प्यात आणि वाचणारं सगळं जग. सोसायटीच्या काचेच्या सूचनाफलकाची किल्ली सेक्रेटरीकडेच असते आणि वाचायला कुणालाच लागत नाही, तशी ही व्यवस्था आहे. फलकाला एकच किल्ली आहे तोवर तक्रारीला जागा नाही.

माइक बॉस्टॉकने डी-थ्री या आलेखांच्या लायब्ररीसोबत ब्लॉक्स नावाची साइट चालवली, तिचाही पाया गिस्टच होता. एका गिस्टमध्ये एचटीएमएल फाइल आणि शेजारी तिची सीएसव्ही. साइट फक्त ती गिस्ट उघडून आलेख दाखवायची. डेटा आणि कोड शेजारीशेजारी असल्यामुळे दुसऱ्याने फोर्क घेऊन आपले आकडे भरले की झालं, आणि आलेख काढायला शिकलेली एक पिढी अशीच दुसऱ्यांच्या गिस्ट उचलून शिकली. बॉस्टॉक पुढे ऑब्झर्वेबल या दुसऱ्या साइटकडे वळला. जुनं ब्लॉक्सचं पान आज उघडो न उघडो, त्यामागची गिस्ट गिटहबवर जशीच्या तशी सापडते. साध्या मजकुराच्या फाइलचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो. दाखवणारं दुकान बंद झालं तरी मालाला काही होत नाही.

व्हीएस कोड या संपादकासाठी सेटिंग्ज सिंक नावाचं एक्स्टेन्शन होतं. तेही तुमची सेटिंग्ज तुमच्याच गिस्टमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या संगणकावर तिथून उतरवायचं. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सोय संपादकातच दिली. दरम्यानच्या काळात असंख्य लोकांनी गिस्टचा असा वापर केला आणि त्यातल्या अनेकांना आपण डेटा साठवणीची सेवा वापरतोय याचा पत्ताही नव्हता.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबायला हवं, कारण देवनागरीचा हिशेब वेगळा लागतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे: ‘किं’ या एका अक्षरात क, वेलांटी आणि अनुस्वार अशी तीन चिन्हं, म्हणजे 9 बाइट. एपीआयच्या 1 एमबीत इंग्रजीची दहा लाखांवर अक्षरं बसतात, देवनागरीची चिन्हं साधारण साडेतीन लाख. एवढ्यातही छोट्या प्रकल्पाचं आरामात भागतं. खरा घोळ पायथनचा जेसन लिहिणारा भाग करतो. त्याला काही सांगितलं नाही तर तो देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडी संकेत अशी सहा अक्षरं लिहून ठेवतो. फाइल दुप्पट फुगते हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे आवृत्त्यांचा इतिहास वाचण्याच्या लायकीचा राहत नाही. ‘गुरुवारी बंद’चं ‘शुक्रवारी बंद’ झालं हे डोळ्यांनी दिसायच्या ऐवजी संकेतांची रांग दिसते. एन्शुअर आस्की हा पर्याय फॉल्स केला की प्रश्न मिटतो. तो पहिल्याच दिवशी करावा, कारण मागच्या आवृत्त्या नंतर सुधारत नाहीत.

त्याच दमात आणखी एक सवय लावून घ्यावी: एका ओळीत एकच नोंद. संपूर्ण जेसन एका लांबलचक ओळीत कोंबला तर एक अक्षर बदललं तरी गिटला अख्खी फाइल बदललेली दिसते. नोंदी ओळीओळीने आणि ठरलेल्या क्रमाने असतील तर कुठल्या तारखेला कुठली नोंद आली, कुठली गेली, हे बिनाकष्टाचं हिशेबाचं पुस्तक तयार होतं. डेटाबेसमध्ये असा इतिहास हवा असेल तर तो वेगळा बांधावा लागतो. गिस्ट वापरण्याचं सगळ्यात भक्कम कारण मला विचाराल तर ती फुकट आहे याच्या आधी मी हे सांगेन.

आणि मराठी मजकूर लिहिताना रेपोपेक्षा गिस्ट थोडी सोपी पडते. गिटहबच्या रेपोमधली फाइल एपीआयने बदलायची तर मजकूर बेस-64 मध्ये गुंडाळून पाठवावा लागतो, आणि ब्राउझरमधलं त्यासाठीचं जुनं फंक्शन देवनागरी दिसली की थेट एरर देतं. आधी मजकुराचे बाइट करून घ्यावे लागतात. गिस्टचा एपीआय साधा मजकूर घेतो. मराठी डेटा घेऊन पहिल्यांदा बसलेल्या विद्यार्थ्याची एखादी संध्याकाळ त्यामुळे वाचते.

इथवर सगळं गोड आहे, कारण लिहिणारा एकच आहे. आता वेबपानावरच्या फॉर्ममधून लोकांनी नोंद करायची म्हटली की चित्र बदलतं. लिहायला टोकन लागतं. सर्व्हर नसलेल्या पानात टोकन ठेवायचं कुठे? जावास्क्रिप्टमध्ये ठेवलं तर पानाचा सोर्स उघडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते पडतं. आणि गिस्टच्या परवानगीचं जुन्या पद्धतीचं टोकन एका गिस्टपुरतं नसतं, ते तुमच्या खात्यातल्या सगळ्या गिस्ट उघडून देतं. सार्वजनिक रेपोत किंवा सार्वजनिक गिस्टमध्ये आपलं टोकन सापडलं की गिटहब ते आपणहून रद्द करतं. त्यावरही आपल्या लोकांकडे तोड असते: टोकनचे दोन तुकडे करायचे आणि पानात जोडायचे, म्हणजे तपासणीला ते ओळखता येत नाही. चोराला ओळखता येतं, एवढंच.

सरळ मार्ग म्हणजे मध्ये कुणीतरी बसवणं. क्लाउडफ्लेअर वर्कर किंवा गूगलची ॲप्स स्क्रिप्ट फॉर्मची नोंद घेते, तपासते आणि आपल्याजवळच्या टोकनने गिस्टमध्ये लिहिते. हे चालतं, पण मग एक अडचणीचा प्रश्न उरतो. वर्करशेजारीच क्लाउडफ्लेअरची केव्ही ही साठवण आहे, फुकटच्या योजनेत रोज 1 लाख वाचनं आणि 1000 लेखनं देणारी. मध्यस्थ बसवलाच आहे तर डेटा गिस्टपर्यंत न्यायचा कशाला? इतिहास हवा असेल तर न्यावा. नाहीतर केवळ सवयीपोटी एक पायरी वाढते.

दुसरी अडचण जास्त लबाड आहे, कारण ती एरर देत नाही. समजा एका गिस्टमध्ये शिबिराला येणाऱ्यांची 31 नावं आहेत. दोन कार्यकर्त्यांनी आपापल्या स्क्रिप्टने एकाच वेळी फाइल वाचली. दोघांकडे 31 नावं. प्रत्येकाने एक नाव जोडलं आणि 32 नावांची अख्खी फाइल परत पाठवली. गिस्टमध्ये आता 33 नावं हवीत, आहेत 32. ज्याची फाइल नंतर पोहोचली त्याचं नाव राहिलं, आधीच्याचं गेलं, आणि दोघांनाही ‘जमलं’ असाच निरोप आला. नाव खरं तर हरवलेलं नाही, मागच्या आवृत्तीत ते बसलेलं आहे. पण ते गेलंय हेच कुणाला ठाऊक नसताना मागे जाऊन शोधणार कोण?

गिटला हा प्रश्न माहीत नाही असं नव्हे. गिस्ट क्लोन करून पुश केली तर दुसऱ्याचा पुश अडवला जातो, ‘आधी नवं उतरवून घे’ म्हणून. अडवणूक होत नाही ती एपीआयच्या रस्त्यावर. आणि गंमत म्हणजे त्याच गिटहबवर साध्या रेपोतली फाइल एपीआयने बदलताना जुन्या फाइलचा ओळखक्रमांक सोबत द्यावा लागतो. तो जुळला नाही तर बदल नाकारला जातो. म्हणजे लिहिणारे दोन झाले की गिस्टपेक्षा रेपो सुरक्षित, आणि बेस-64चा त्रास त्यासाठी सोसावा. हा फरक वर्षानुवर्षं गिस्ट वापरणाऱ्यांच्याही लक्षात आलेला नसतो.

लिहिणारे शंभर असतील तर? तर एकाच फाइलवर सगळ्यांना सोडायचं नाही. अटरन्सेस आणि गिसकस ही दोन साधनं ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया गिटहबवर ठेवतात, पहिलं इश्यूंमध्ये आणि दुसरं डिस्कशन्समध्ये. तिथे प्रत्येक प्रतिक्रिया ही स्वतंत्र नोंद असल्यामुळे एकीने दुसरी पुसली जात नाही, आणि लिहिणारा आपल्याच खात्याने आत येत असल्यामुळे पानात कुणाचं टोकन लपवावं लागत नाही. अट एवढीच की वाचकाकडे गिटहबचं खातं हवं. प्रोग्रॅमरांच्या ब्लॉगवर ते चालतं, पाककृतींच्या नाही. पानाला किती भेटी झाल्या याची मोजणी वगैरे तर इथे करूच नये. मजकूर निर्माण करणाऱ्या विनंत्यांना गिटहब सर्वसाधारणपणे मिनिटाला 80 आणि तासाला 500 यापलीकडे जाऊ देत नाही.

गुप्ततेबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. सीक्रेट गिस्टला कुलूप नसतं. ती शोधात सापडत नाही, यादीत दिसत नाही, पण लिंक ज्याच्या हाती पडली त्याला उघडते. आणि तुमचं सार्वजनिक पान जर ती गिस्ट वाचत असेल, तर लिंक त्या पानातच आहे. सीक्रेटची नंतर पब्लिक करता येते, पब्लिकची सीक्रेट करता येत नाही. फाइलमधून एखादा फोन नंबर पुसला तरी तो जुन्या आवृत्तीत राहतो. इतिहास नव्याने लिहा किंवा गिस्टच उडवा, आणि तोवर कुणी फोर्क घेतला असेल तर तो तुमच्या हातात नाही. इतिहास हा गुण म्हणून वर सांगितला, त्याची ही किंमत. लोकांची नावं, नंबर, पत्ते, मुलांच्या शाळेची माहिती यातलं काहीही इथे नको. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यावर तर ‘छोटाच तर प्रकल्प आहे’ या सबबीवर कुणी विसंबू नये. गिटलॅब या गिटहबसारख्याच साइटवरच्या स्निपेटला खरोखरचं खाजगी ठेवता येतं आणि 2020 पासून तिथेही आवृत्त्या राहतात, पण खाजगी स्निपेट वाचायला पुन्हा टोकन लागणार. गाडी जिथून निघाली तिथेच आली.

मग जागेच्या मालकाचा विषय. भाड्याशिवाय राहणाऱ्याला घरमालकाचे बदल निमूट सोसावे लागतात, आणि बदल झालेले आहेत. 2013 मध्ये गिटहबने रॉ लिंकसोबत एक सूचना पाठवायला सुरुवात केली, तेव्हापासून तिथली जावास्क्रिप्ट फाइल थेट पानात जोडली तर ब्राउझर ती चालवेनासे झाले. डेटा वाचणाऱ्यांना फरक पडला नाही, स्क्रिप्ट जोडणाऱ्यांची पानं मोडली. ते रॉगिट नावाच्या मध्यस्थाकडे गेले. रॉगिटचा गैरवापर व्हायरस पसरवणाऱ्यांनी सुरू केल्यावर त्याच्या चालकाने 2018 मध्ये सेवा आवरत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी खात्याशिवाय गिस्ट करण्याची सोयही गिटहबने काढून घेतली. 2025 च्या मे महिन्यात लॉग-इन न केलेल्यांसाठीच्या मर्यादा आणखी आवळल्या. तक्रार करायला जागा नाही, करार कुठे झाला होता?

वाईट शेजाऱ्यांचाही त्रास आहे. 2019 मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने स्लब नावाचं एक बॅकडोअर उघडकीला आणलं, त्याला काय करायचं याचे हुकूम एका गिस्टमध्ये लिहिलेले असत. लिहिणारा एक, वाचणारी संसर्ग झालेली यंत्रं अनेक! रचना नेमकी तीच, जी आपल्याला आवडते. अशा प्रकारांमुळे कित्येक कंपन्यांच्या नेटवर्कवर गिस्ट आणि पेस्टबिन सरसकट बंद असतात. आपलं पान तिथे उघडतं, डेटाच्या जागी मात्र पांढरा चौकोन.

आणि सरकारी बंदीचा धडा तर मुंबईतूनच मिळालेला आहे. 2014 च्या डिसेंबरात इसिसच्या प्रचाराच्या मजकुरावरून देशात 32 पत्ते बंद झाले. दहशतवादविरोधी पथकाने विषय नेला होता आणि आदेश मुंबईच्या महानगर दंडाधिकारी न्यायालयाचा होता. यादीत व्हिमिओ, डेलीमोशन, इंटरनेट अर्काइव्ह, पेस्टबिन होते, आणि गिस्टही. आक्षेप होता कुणाच्या तरी काही मजकुरावर, बंद झाला सगळ्यांचा पत्ता. त्यातली काही नावं, गिस्टसह, थोड्याच दिवसांत खुली झाली. पण एखाद्याच्या पानावरची बसच्या वेळांची यादी त्या दिवसांत गेली असेल तर त्याला कारण कळायलाही वेळ लागला असेल.

म्हणून स्वतःच्या जागेचा डेटाबेस घ्या, असं मी म्हणत नाही, कारण शेजारच्या फुकट सोयींचं आयुष्य याहून लांब निघालेलं नाही. गूगल शीटचा जुना एपीआय 2021 मध्ये बंद झाला आणि त्यावर उभ्या असलेल्या टेबलटॉपसारख्या लायब्रऱ्या बसल्या. ॲप चालवून देणाऱ्या हेरोकूची फुकट योजना 2022 च्या नोव्हेंबरात संपली. तशाच ग्लिचने 2025 च्या जुलैत प्रकल्प चालवणं थांबवलं. डेटाबेस देणाऱ्या सुपाबेसचा फुकट प्रकल्प आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर थांबतो. या गर्दीत 2008 ची एखादी गिस्ट अजून त्याच पत्त्यावर उघडते, ही गोष्ट लहान नाही.

गूगल शीटचं मात्र कौतुक करायला हवं, एपीआय बदलला तरी. ज्याला जेसनचा स्वल्पविराम चुकला की काय होतं हे सांगावं लागतं, त्या माणसाच्या हाती फाइल द्यायची असेल तर शीटला पर्याय नाही. मंडळाचे खजिनदार मोबाइलवर शीट उघडतात, रकाना भरतात, बंद करतात. ‘वेबवर प्रकाशित करा’ केलं की तीच शीट सीएसव्ही म्हणून काही मिनिटांच्या उशिराने वाचता येते. अनेकजण एकाच वेळी लिहीत असले तरी रकाने वेगळे असल्यामुळे एकमेकांचं पुसलं जात नाही. गिस्ट जिथे लंगडते, बरोबर तिथे शीट उभी राहते.

या दोघांना एकत्र जुंपलं तर काय होतं, याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कोविड-19-इंडिया हा स्वयंसेवकांचा प्रकल्प. 2020 च्या मार्चमध्ये तो उभा राहिला. राज्यांची रोजची पत्रकं, अधिकाऱ्यांची ट्वीट्स असं जे मिळेल त्यातून स्वयंसेवक आकडे काढायचे आणि गूगल शीटमध्ये भरायचे. पण लाखो वाचक शीटवर सोडलेले नव्हते. शीटमधला डेटा स्क्रिप्ट ठरावीक वेळाने उचलायची आणि गिटहबवर जेसन व सीएसव्ही म्हणून ठेवायची. वेबसाइट, वर्तमानपत्रं, संशोधक, कॉलेजातली मुलं, सगळे त्या फाइली वाचायचे. लिहिणारे अनेक होते, तर त्यांच्यासाठी अनेकांना झेपणारी जागा. वाचणारे प्रचंड होते, तर त्यांच्यासाठी नुसत्या फाइली. आणि मधल्या दाराची किल्ली एका यंत्राकडे. रुग्णांच्या नोंदींची फाइल फुगत गेली तशी ती क्रमांक देऊन तोडावी लागली, एकामागून एक भाग पडत गेले. आकाराची अडचण शेवटी आलीच, पण ती एका सबंध देशाच्या महासाथीची नोंद ठेवताना. 31 ऑक्टोबर 2021 ला प्रकल्पाने नवे आकडे देणं थांबवलं. थांबवल्यानंतरही संशोधकांना फाइली मिळत राहिल्या, हे गुपचूप बंद पडलेल्या डेटाबेसबद्दल म्हणता येत नाही.

याच सुमारास, 2020 च्या ऑक्टोबरात, प्रोग्रॅमर सायमन विलिसनने ‘गिट स्क्रेपिंग’ हे नाव रूढ केलं. ॲक्शन्सच्या घड्याळावर एक स्क्रिप्ट दर काही मिनिटांनी किंवा तासांनी एखाद्या साइटवरून माहिती आणते, बदल असेल तरच रेपोत कमिट करते. कॅलिफोर्नियातल्या वणव्यांची यादी त्याने अशी जमवली. आपल्याकडे धरणातला पाणीसाठा, बाजार समित्यांचे भाव अशा रोज बदलणाऱ्या आणि मागचं सहज न दिसणाऱ्या गोष्टींना ही पद्धत फार शोभेल. एक खोच लक्षात ठेवावी: सार्वजनिक रेपोत 60 दिवस काहीच हालचाल झाली नाही तर ठरलेल्या वेळेची ॲक्शन गिटहब बंद करतं. पावसाळा संपल्यावर विसरलेला प्रकल्प पुढच्या पावसाळ्यात झोपलेला सापडतो.

डेटा खरोखरच मोठा असेल आणि लिहिणं क्वचित असेल, तर 2021 मध्ये दाखवली गेलेली एक चतुर युक्ती आहे: एसक्यूलाइटची फाइल साध्या फाइलसारखी गिटहब पेजेसवर ठेवायची आणि ब्राउझरने तिचे लागतील तेवढेच तुकडे मागायचे. काही शे एमबीच्या फाइलमधून काही केबी उतरतात. गिटहबवर एक फाइल 100 एमबीपेक्षा मोठी चालत नाही, तेव्हा फाइलही तोडून ठेवावी लागते. शिकायला सुंदर आहे. सुट्ट्यांच्या यादीला मात्र ही भारी पडेल.

आता प्रत्यक्ष निवड करायची तर मी अशी करेन. यंत्र लिहिणार आणि जग वाचणार, तर गिस्ट. मी एकटा लिहिणार आणि माझीच दोनचार यंत्रं वाचणार, तरीही गिस्ट. दोन-तीन प्रोग्रॅमर लिहिणार, तर रेपो. प्रोग्रॅमर नसलेले लिहिणार, तर शीट, आणि वाचक वाढले की तिच्यापुढे फाइली. अनोळखी लोक लिहिणार, तर यातलं काहीच नको, सरळ डेटाबेस घ्यावा आणि त्याची देखभाल कोण करणार हे आधी विचारावं. निवड काहीही असो, पानाच्या कोडमध्ये लिंक एकाच जागी लिहावी आणि गिस्टचा क्लोन आपल्या संगणकावर असू द्यावा.

संस्थेसाठी काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी तपासावी. गिस्ट नेहमी व्यक्तीच्या खात्यात असते, गिटहबवरच्या संघटनेच्या खात्याला ती ठेवता येत नाही आणि रेपोसारखी दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. वाचनालयाचं पान एखाद्या हौशी मुलाने करून दिलं, सुट्ट्यांची गिस्ट त्याच्या खात्यात राहिली आणि पुढे तो नोकरीला बंगळूरला गेला, तर नव्या माणसाला फक्त फोर्क घेता येतो. फोर्कचा पत्ता नवा, म्हणजे जिथे जिथे जुनी लिंक लिहिली आहे तिथे जाऊन बदलणं आलं. किल्ली अशी हस्तांतरित करावी लागणार हे आधीच दिसत असेल, तर त्या मुलाला पहिल्याच दिवशी संस्थेच्या नावाने रेपो उघडायला सांगावं.